वाइंडिंगवालीची एकोणीस मतं

दसऱ्याच्या दिवशी रुख्मिणीकाकूंनी मोटरीला आंघोळ घातली, आणि नईमा धनतेरसपर्यंत त्याच एका मोटरीमागे धावत राहिली.

आता मोटरीला आंघोळ घालतं का कोणी? घालतं. वऱ्हाडात घालतं. दसऱ्याला विळी-कुऱ्हाडीपासून ट्रॅक्टरपर्यंत घरातलं जे जे म्हणून लोखंडाचं असेल ते धुऊन पुसून पूजतात. काकूंचे मालक खुशालराव, त्यांची विहिरीवरची मोटर त्या साली दसऱ्याला घरी नव्हती. ती जळली होती आणि बडनेऱ्याला अब्दुल गफ्फार मिस्त्रींच्या दुकानात भरायला, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळायला, आली होती. म्हणून रुख्मिणीकाकू नांदगाव पेठेजवळच्या आपल्या गावाहून मिनीडोर रिक्षात बसून, मांडीवर पूजेचं ताट सांभाळत थेट दुकानातच आल्या.

"चोवीस वर्षं तिनं आमाले पानी पाजलं, नईमा. सणाच्या दिवशी तिले अशी मळकट ठेवू का वो?"

मिस्त्रींच्या लेकीला, नईमाला, हे इतकं पटलं की तिनंच बादलीभर पाणी आणून दिलं. वर फडकंही दिलं. काकूंनी मोटर घासूनपुसून लख्ख केली, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नईमाच्या हातावर साखर ठेवली आणि समाधानानं घरी गेल्या. त्यानंतर पाचच मिनिटांनी खाटेवरून अब्बांनी विचारलं, "खडू कुठी गेला?"

अब्दुल गफ्फार मिस्त्रींचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेला होता, जीभ मात्र चांगली शाबूत होती. हात गेल्यापासून मोटरी नईमाच भरायची, अब्बा खाटेवर बसून रागवायचे, आणि दुकान असं दोघांच्या मेळानं चालायचं. दुकानाची रीत अशी होती: जळलेली तार कापून काढताना तिचे फेरे मोजायचे आणि तो आकडा तिथल्या तिथे मोटरीच्या अंगावरच खडूनं लिहायचा. कागद हरवतो, मोटर हरवत नाही, असं अब्बांचं म्हणणं. तीस वर्षं ते बरोबरच होतं. खडूचे आकडे आता बादलीतल्या पाण्यात गेले होते, आणि कापलेली तार कालच भंगारवाल्यानं नेली होती.

"या अल्ला! अन् पानी तूच आनून देलं?"

"हो अब्बा."

"वा! फडकंही देलं असंल!"

नईमानं खाली मान घातली. किती फेरे होते? अठरा? चोवीस? एका आठवड्यात तिनं पाच मोटरी मोजल्या होत्या, डोक्यात सगळ्यांची खिचडी झाली होती. शिवाय ही मोटर काही बाजारातली नव्हती. विलायती, साहेबाच्या काळातली, कुठल्यातरी कापसाच्या जिनिंग प्रेसच्या लिलावातून खुशालरावांनी जवानीत उचललेली. खुशालरावांचं शेत विजेच्या लाइनीच्या अगदी शेवटाला. तिथे दाब इतका कमी यायचा की नव्या मोटरी आठ दिवसांत जळत, आणि ही म्हातारी मात्र निमूट पाणी ओढत राहायची. दुसरी घेतली असती तरी तिथे चालली नसती.

बापलेकीनं अंदाजानं आकडा धरून एकदा भरून पाहिली. मोटर गुरगुरली, तापली, आणि पाण्यानं विहिरीच्या काठाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. पुन्हा सगळी तार कापावी लागली.

तिकडे संत्र्याची झाडं फळांनी वाकली होती. पाऊस त्या साली लवकर पाय काढून गेला होता आणि पाण्याचा ताण पडला की हिरवं फळ देठातून सुटून पडतं. शेजारच्या गोवर्धननं आपलं डिझेल इंजिन दिलं होतं, ते एक दिवसाआड दोन तास. पण त्यानं स्पष्टच सांगून ठेवलं होतं, "खुशालभाऊ, दिवाईपर्यंत घे. मंग माह्या हरभऱ्याले पायजे." म्हणजे हातात पंधरा-सोळा दिवस. त्यानंतर वर्षभराचं पीक जमिनीवर.

आणि खुशालराव? त्या भल्या माणसानं एका शब्दानं दोष दिला नाही. "आता आमच्याच घरच्या बाईनं धुतली, तर तुले काय बोलू?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा तो शांतपणा नईमाला रात्रंदिवस टोचत राहिला.

तर आता ब्लॉगचं. नईमाचा एक ब्लॉग होता. नाव 'वाइंडिंगवाली'. बडनेरा स्टेशनमागच्या गल्लीत तिचा धाकटा मामेभाऊ वकार, जो तिला बाजी म्हणजे ताई म्हणायचा, सायबर कॅफे चालवायचा, तिथे बसून ती दर शुक्रवारी लिहायची. मोटर का जळते, गिऱ्हाईक "मिस्त्री कुठी हाय?" विचारतं तेव्हा मी काय सांगते, अब्बांच्या शिव्या, तांब्याचा वास. फार छान लिहायची पोरगी, पण वाचतो कोण? आठ महिन्यांत पानाखालच्या आकड्यानं त्रेसष्ट वाचक दाखवले होते आणि त्यातले पन्नास ती स्वतःच होती. २००८ साल होतं. वऱ्हाडातून जगात जायच्या बातम्या ठरलेल्या होत्या, कर्जाच्या आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या; त्यात मोटर भरणाऱ्या मुलीला कोण विचारतो!

तिनं त्या शुक्रवारी सगळा प्रकार लिहून काढला. मोटरीचं माप दिलं, तार बसवायच्या खाचा किती ते दिलं आणि शेवटी विचारलं: अशी मोटर कोणी कधी भरली आहे का? आकडा सांगाल का?

"लिहिलं ते ठीक," वकार म्हणाला, "पण जो सांगेल त्याच्यापर्यंत ते जायला पायजे नं, बाजी. खूणगाठवर टाक."

'खूणगाठ' ही मराठी वाचणाऱ्यांची एक साइट होती. जगभर पांगलेले लोक तिथे आपल्याला आवडलेल्या लिखाणाचा पत्ता टाचून ठेवत, का आवडलं ते दोन ओळींत लिहीत. दुसऱ्यांना पटलं तर ते मत देत, आणि जास्त मतांचं लिखाण पहिल्या पानावर चढे. पहिल्या पानावर गेलं की हजारो लोक वाचत. नईमानं खातं उघडलं आणि आपलंच लिखाण आपणच टाचलं. तीन दिवस गेले. एक मत आलं, ते वकारचं.

तिनं हे खुशालरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी विडी विझवली.

"मतं पायजे? अन् थे तू आता सांगून राहिली? किती पायजे?"

"पंधरा-वीस मिळाली तर पहिल्या पानावर जाते, काका."

"मंग इर्जिक करू."

इर्जिक म्हणजे एकाच्या शेताला सगळ्या गावाचे बैल. ज्याचं शेत मागे पडलं त्याच्याकडे सगळे औत घेऊन जातात, एका दिवसात नांगरून मोकळे होतात आणि जेवण त्याच्या घरचं. यात मोजदाद नसते, आज माझं उद्या तुझं. मग मतांची का नाही करायची? खुशालरावांच्या डोक्यात हे इतकं सरळ होतं की नईमालाही ते सरळच वाटलं.

मंगळवारी दोन मिनीडोर भरून गाव वकारच्या कॅफेत उतरलं. गोवर्धन आला, सरपंचकी केलेले किसनराव मोठी मिशी पिळत आले, भगवंत न्हावी दुकान बंद ठेवून आला. रुख्मिणीकाकूंनी पाटीभर भाकरी, झुणका आणि ठेचा आणला. तीन कॉम्प्युटर, एकोणीस माणसं. वकार खातं उघडून द्यायचा, नईमा बोट धरून दाखवायची, आणि ज्याचं मत पडलं तो बाहेर येऊन कांदा फोडायचा.

"दाबलं का वो?"

"दाबलं! लाल झालं होतं."

"माहं हिरवं झालं. चुकलं का बाप्पा?"

तासाभरात एकोणीस मतं. नईमाचं लिखाण पहिल्या पानावर, चौथ्या नंबरावर! कॅफेत टाळ्या पडल्या. किसनरावांनी वकारला मिठी मारली. पुढची दहा-बारा मिनिटं नईमाला वाटत होतं की आपल्यासारखं नशीबवान माणूस अमरावती जिल्ह्यात नाही.

मग ते पान नाहीसं झालं. खातंही बंद. तिथे पाटी लागली: 'एकाच ठिकाणावरून बनावट मतं दिल्यामुळे हे खातं बंद करण्यात आलं आहे.'

वकारनं ती मोठ्यानं वाचली आणि मग वाचल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

"बनावट?" किसनराव उभे राहिले. सहा फुटांचा माणूस. "कोन बनावट? मी? ह्या मिशा बनावट हायेत काय? बोलाव त्याले अठी!"

सगळे एकदम बोलू लागले. नईमाला मात्र रडू फुटलं. एवढी माणसं कामधंदा टाकून आपल्यासाठी आली, आणि आपण त्यांच्या कपाळावर 'खोटे' असा शिक्का मारून घेतला! रुख्मिणीकाकूंनी तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. "चूप राह्य माय. आमचं काय जाते? भाकर खा." त्या क्षणी त्यांचं सगळं पीक जायला निघालं होतं, आणि भाकर खा म्हणत होत्या.

गाव परत गेल्यावर नईमानं त्या साइटवाल्यांना पत्र लिहिलं. रागानंच लिहिलं. इर्जिक म्हणजे काय ते लिहिलं, किसनरावांची उंची लिहिली, धुतलेला खडू, गोवर्धनचं इंजिन, सगळं. माणसं खरी आहेत, एकेक करून मोजून घ्या, असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. खाली नाव नव्हतं, नुसतं 'राखणदार'.

'ताई, माणसं खरी आहेत हे मला पटलं. बनावट हा शब्द मी मागे घेतो, किसनरावांना माझा नमस्कार सांगा. पण एक विचारतो. त्या एकोणीस जणांपैकी तुमचं लिखाण वाचलं कोणी? आणि दुसरं, इर्जिकमध्ये आधी आपण लोकांच्या शेतात जावं लागतं असं तुम्हीच लिहिलंय. इथे तुम्ही आजवर कोणाच्या शेतात गेलात?'

पहिला फटका बसला तो खालच्या प्रश्नानं. नईमानं खूप आठवून पाहिलं. आठ महिने ती आपल्याला कोणी वाचत नाही म्हणून झुरत होती, आणि तिनं स्वतः कोणाचं अक्षर वाचलं नव्हतं. एकाचंही नाही! आणि वरचाही खराच. एवढ्या गर्दीत भाकरी वाटल्या, मतं मोजली, पण बसा, मी काय लिहिलंय ते ऐकवते, असं काही तिला सुचलं नव्हतं.

राखणदारानं तिचं खातं पुन्हा उघडून दिलं. अट एकच, आठ दिवस आपलं काही टाचायचं नाही.

आठ दिवस! दिवाळी दहा दिवसांवर. अब्बांनी कपाळाला हात लावला, डावा. पण नईमा वाचायला बसली, आणि बाप्पा, काय काय लिहीत होते लोक! बेळगावचा एक माणूस जुने रेडिओ दुरुस्त करण्याबद्दल लिहायचा. त्यात एका ठिकाणी त्यानं लिहिलं होतं की, रेडिओ लागला की मी आधी बंद करतो आणि मालकाला लावायला लावतो. नईमाला आपल्या दुकानात बसल्यासारखं वाटलं. मस्कतच्या दवाखान्यातली सीमा नावाची एक नर्स वऱ्हाडी बोलीत लिहायची, तिकडे वांग्याची भाजी करून शेजारच्या फिलिपिनी बाईला कशी खाऊ घातली ते. नईमा हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. तिनं एकेक टाचलं आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहिल्या, तोंडदेखल्या नाहीत, खऱ्या. खरं सांगायचं तर चार दिवस ती मोटर विसरली असती, जर अब्बांनी विसरू दिली असती तर.

पाचव्या दिवशी सकाळी वकार दुकानात धावत आला. पायात चप्पल नव्हती.

बेळगावच्या रेडिओवाल्यानं, या दोन ओळी लिहिणारी आहे तरी कोण म्हणून, तिचा ब्लॉग शोधून वाचला होता. वाचून तो त्यानंच खूणगाठवर टाचला होता: 'एका मोटरीची मोजणी पुसली गेली आहे. कारागीर माणसं असाल तर वाचा, नसाल तरी वाचा.' रात्रीतून लिखाण पहिल्या पानावर होतं. ब्लॉगखाली एकसष्ट प्रतिक्रिया. कोणी अंदाज सांगत होतं, कोणी नुसता आशीर्वाद देत होतं, एकानं धुळ्याहून चक्क मोटरीचा नवस बोलला होता. आणि मधेच सीमाची ओळ: 'अवो नईमाताई, माहे सासरे अकोल्याले जिनिंग प्रेसमधी मोटरीच भरत होते. नत्थुजी त्यायचं नाव. फोनवर बोलत नाईत, घरी जाऊन बसा. सासूबाईले सांगून ठेवलं हाय.'

मस्कतला फेरी मारून उत्तर आलं ते कुठलं? अकोल्याचं! बडनेऱ्याहून पॅसेंजरनं दोन तास. नईमा पुढच्याच गाडीनं निघाली.

जुन्या शहरातल्या घरात सीमाच्या सासूबाईंनी, माणिकबाईंनी, दार उघडलं. "ये वो. सीमाचा फोन आला होता. पन हे फारसं बोलत नाईत, तुले आधीच सांगून ठेवते."

नत्थुजी पाटावर बसून ज्वारी निवडत होते. सत्तरी ओलांडलेले, सडपातळ, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. नईमानं माप सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. मग ज्वारीतून मान वर न काढता म्हणाले,

"मोटरीच्या पाटीवर जहाजाचं चित्र हाय का?"

"आहे, बाबा. अर्धं घासलं गेलं आहे."

हात थांबला. "मंग थे आमची सहा नंबर हाय. चौऱ्याऐंशी साली लिलावात गेली. मी म्हनलं होतं, इकू नोका."

ते उठले, पलंगाखालून पेटी ओढली. आत वह्याच वह्या. एकेका मोटरीला एकेक पान, जांभळी पेन्सिल, टपोरं अक्षर. त्यांनी पान काढलं. बावीस फेरे, दोन तारा जोडीनं, एक जाड, एक बारीक. जोडीनं! जोडीच्या तारा त्या पाचांतल्या कोणत्या मोटरीत होत्या, तेच नईमाच्या डोक्यातल्या खिचडीत हरवलं होतं. नईमाला तिथेच बसून रडावंसं वाटलं. तिनं आकडा उतरवून घेतला आणि त्यांच्या पायांना हात लावायला वाकली, तर नत्थुजी पायात चपला घालत होते.

"कुठी निंगाले?" माणिकबाईंनी विचारलं.

"बडनेऱ्याले. पोट्टी एकटी भरंल तर तार ढिल्ली राहीन."

तीन दिवस नत्थुजी दुकानात राहिले. नईमानं भरायची, नत्थुजींनी मोठ्यानं फेरे मोजायचे आणि अब्बांनी दोघांवर रागवायचं. दोन म्हातारे दिवसभर भांडत आणि संध्याकाळी एकाच ताटात जेवत. धनतेरसला, दुपारी बाराला, लाइन आल्यावर खुशालरावांनी बटण दाबलं. मोटर गुरगुरली नाही. एक श्वास घेतल्यासारखी उठली आणि पाइपातून जाडजूड पाणी पाटात पडलं. खुशालराव, ज्यांनी खडू पुसला गेला तेव्हा एका शब्दानं दोष दिला नव्हता, ते आता तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. काकूंनी पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन पहिलं नत्थुजींच्या हातावर घातलं. गोवर्धन आपलं इंजिन न्यायला आला होता, तोही तिथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी नईमा नत्थुजींना गाडीत बसवून द्यायला बडनेरा स्टेशनवर गेली. काय द्यायचं या माणसाला? खुशालरावांनी धोतरजोडी दिली होती, अब्बांनी आपली जुनी पक्कड दिली होती. नईमाकडे द्यायला फक्त कागद होते. वकारनं सगळ्या प्रतिक्रिया छापून दिल्या होत्या.

"बाबा, हे लोकांनी लिहिलंय. तुमचा आकडा मी काल ब्लॉगवर टाकला, तुमच्या नावानं. तेव्हापासून आणखी येऊन राहिल्या."

नत्थुजींनी चष्मा सारखा केला. बोट ठेवून ते एकेक वाचू लागले. इचलकरंजीहून यंत्रमागाच्या मोटरीचं कोणी विचारत होतं. जालन्याहून गिरणीच्या. एक जण नुसतंच लिहीत होता की माझे वडीलही हेच काम करायचे, नत्थुजींना माझा दंडवत सांगा. तिसऱ्या पानावर म्हाताऱ्याचं बोट थांबलं.

"प्रेस बंद झाली त्याले अकरा वर्षं झाले, पोरी," ते म्हणाले. "साऱ्या वह्या घरी आनल्या. वाटलं, कोनी तरी येईन, इचारीन. एकबी नाई आला. मंग मीच बोलनं सोडलं. बोलाचं कायले, आपल्याले येते थे कोनाले पायजेच नाई, तर?" त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "तू इचारलं. लई उपकार झाले तुहे."

"माझे?" नईमा म्हणाली. "बाबा, उपकार तर तुमचे..."

"चूप. मले मालूम हाय कोनाचे थे."

पॅसेंजर आली. हमाल ओरडले, माणसं चढली, उतरली. नईमानं त्यांची पिशवी उचलली, पण नत्थुजी बाकावरून हलले नाहीत. गाडीनं शिटी दिली आणि अकोल्याच्या दिशेनं निघून गेली.

"बाबा, गाडी!"

"दुसरी येते. तुह्यापाशी पेन हाय का?" त्यांनी कागदावरचं बोट जागचं हलू दिलं नव्हतं. "हं. लिव, इचलकरंजीवाल्याले. आधी त्याले इचार, खाचा किती हायेत. अन् मंग मले पुढचं वाचून दाखव."